खाल्ल्या मिठाला जागावे

मीठ म्हटले की समुद्रकिनारा आणि मिठागरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु समुद्रापासून शेकडो मैल दूर, राजस्थानच्या रेताड भूमीतही मीठ पिकते. ते प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, तर चार स्नेही बरोबर घ्यावेत आणि हिवाळ्यातील एखाद्या शनिवारी सकाळी जयपूर सोडावे. सुमारे 80 किलोमीटरांवर सांभर हे जुने गाव आहे. फुलेरा जंक्शनवरून आगगाडीनेही तेथे जाता येते.

गावाला लागून पसरलेले सांभर सरोवर हे भारताच्या अंतर्भागातील सर्वांत मोठे खारे सरोवर होय. मेंढा, रूपनगढ आदी नद्यांचे पाणी या सखल प्रदेशात येते. मात्र बाहेर पडण्यास त्याला वाट नाही. उन्हाने पाणी आटते आणि त्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात. असे युगानुयुगे चालत आले आहे. सुमारे पाच किलोमीटर लांबीच्या बांधाने सरोवराचे दोन भाग केले आहेत. पूर्वेकडील भागात खारे पाणी साठवून ते वाफ्यांत खेळवतात आणि आटल्यावर मीठ गोळा करतात. वाफ्यांतील पाणी कोठे हिरवट, कोठे तांबूस, तर कोठे गुलाबी दिसेल. ही किमया खाऱ्या पाण्यातच जगणाऱ्या सूक्ष्म जीवांची आहे. या संपत्तीचे मोल राज्यकर्त्यांनीही ओळखले होते. 1870 मध्ये ब्रिटिश सरकारने जयपूर व जोधपूर संस्थानांकडून हे सरोवर भाडेपट्ट्याने घेतले.

रविवारची सकाळ इतिहासासाठी राखून ठेवावी. शाकंभरीच्या चाहमानांचे, म्हणजे पृथ्वीराज चौहानाच्या पूर्वजांचे, हे राजधानीचे स्थान. अकबराचा अंबरच्या राजकन्येशी विवाह 1562 मध्ये येथेच झाला. शाकंभरी देवीने येथील भूमी रुप्याची केली. पण रुप्यापायी भांडणे होतील या भयाने लोकांनी ती पालटून मागितली आणि रुप्याचे मीठ झाले, अशी आख्यायिका सांगतात. लोक किती शहाणे होते पाहा! रुप्यावाचून संसार चालतो, मिठावाचून अन्न गोड लागत नाही.

गावाजवळचे देवयानी कुंड मराठी वाचकाने चुकवू नये. शर्मिष्ठेने देवयानीला ढकलले आणि ययातीने तिला हात देऊन वर काढले ते स्थळ हेच, अशी लोकांची श्रद्धा आहे. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ वाचलेल्या मित्रमंडळींत या पायऱ्यांवर चर्चा रंगल्यावाचून राहणार नाही.

हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. 1990 मध्ये रामसर करारान्वये या सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. तरीही 2019 च्या नोव्हेंबरात याच काठावर हजारो पक्षी मृत्युमुखी पडले. बॉट्युलिझम या जिवाणुजन्य विषबाधेने त्यांचा घात केला. पाणलोटात घातलेले बांध नद्यांचे पाणी अडवतात आणि कूपनलिकांनी खारे पाणी बेकायदा उपसले जाते, हे सरोवराचे जुने दुखणे आहे. ज्या पाण्यावर मीठ पिकते, त्याच पाण्यावर पक्षीही जगतात. ते आटले तर दोघांचाही आधार तुटेल.

म्हणून आपण गेलात, तर आटलेल्या पात्रात मोटार घालू नये, थव्यांच्या जवळ जाऊ नये आणि शिदोरीचे कागद व बाटल्या परत आणाव्यात. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. सरोवर विस्तीर्ण असले, तरी त्यातील एक ओंजळही तहान भागवणार नाही! मुले बरोबर असतील, तर त्यांना मिठाचा एक खडा हातात घेऊन पाहू द्यावा. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण त्यांना सांगत असतो. त्या म्हणीचा अर्थ सांभरच्या काठावर त्यांना अधिक चांगला कळेल.