पाण्याची परीक्षा ठोकळ्यात

काँक्रीटला पिण्याजोगेच पाणी लागते, ही बांधकामावरची पक्की समजूत. ती तपासून पाहायचे शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमधील डफ अब्राम्स यांनी मनावर घेतले. समुद्राचे, दलदलीचे, खाणीतले, कारखान्यांचे आणि चक्क गटाराचेही पाणी जमवून त्यांनी हजारो चाचण्या केल्या. १९२४ साली निष्कर्ष हाती आला: दिसायला-वासाला नकोसे वाटणाऱ्या बऱ्याच पाण्यांतूनही मजबूत काँक्रीट तयार होते.

आज हे संशोधन कधी नव्हे इतके गरजेचे झाले आहे. एक घनमीटर काँक्रीट कालवायलाच साधारण १५० ते २०० लिटर पाणी जाते. त्यानंतर स्लॅब भिजवायचा तो निदान सात दिवस, मिश्र सिमेंट असेल तर दहा. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूने बांधकामाला पिण्याचे पाणी वापरण्यावर बंदी घातली. पुणे महापालिकेने तर शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे टँकर मागवण्यासाठी मोबाईल ॲप काढले.

तयार काँक्रीट पुरवणाऱ्या रेडी-मिक्स (आरएमसी) प्लांटला स्वतःचेही सांडपाणी असते. ट्रान्झिट मिक्सरचा ड्रम धुतला की राखाडी पाणी निघते. रिक्लेमर नावाचे यंत्र त्यातली वाळू आणि खडी वेगळी काढते. उरलेले पाणी टाकीत सतत ढवळत ठेवतात, नाहीतर सिमेंटचे कण तळाशी बसून घट्ट होतात. मग घनता मोजून ते ताज्या पाण्यात मिसळायचे. या पाण्याचा पीएच बाराच्या आसपास असतो. नाल्यात सोडले तर मासे मरतील. काँक्रीट मात्र मुळातच अल्कधर्मी, त्याला या पाण्याचे वावडे नाही.

घरगुती सांडपाण्याचे तसे नाही. त्यात साबण राहिला तर फेसाने हवा अडकते आणि ताकद घटते. साखर असेल तर सिमेंट सेट व्हायला उशीर होतो. म्हणून आयएस ४५६ ही भारतीय संहिता थेट ठोकळ्यालाच विचारते. शंकास्पद पाण्याचे १५० मिलिमीटरचे किमान तीन ठोकळे (क्यूब) करायचे, तसेच ऊर्ध्वपातित पाण्याचेही. अठ्ठावीस दिवसांनी पहिल्यांची सरासरी ताकद दुसऱ्यांच्या ९० टक्क्यांहून कमी भरता कामा नये.

पण ठोकळ्यात सळई नसते. क्लोराइडमुळे सळई गंजायला वर्षे जातात, ते अठ्ठावीस दिवसांत कसे दिसणार? त्यासाठी संहितेने पाण्यातल्या क्लोराइडवर वेगळी मर्यादा घातली आहे: साध्या काँक्रीटला लिटरमागे २००० मिलिग्रॅम, सळईच्या काँक्रीटला फक्त ५००. शिवाय हेच पाणी मजुरांच्या हातापायांवर उडते, तेव्हा ते निर्जंतुक केलेले हवेच. सांडपाणी ऋतूगणिक बदलते. एकदा काढलेला रिपोर्ट वर्षभर फिरवून भागत नाही. साइटवर येणाऱ्या टँकरसोबत चालानाला जोडून ताजा तपासणी अहवाल यावा, आणि तो वाचल्यावरच इंजिनिअरने पाणी उतरवून घ्यावे.