नॅशनल स्टडी ऑफ यूथ अँड रिलिजन

नॅशनल स्टडी ऑफ यूथ अँड रिलिजन (युवक आणि धर्म यांचा राष्ट्रीय अभ्यास) हा अमेरिकेतील किशोरवयीनांच्या धार्मिक श्रद्धा, आचार व नैतिक मूल्ये यांचा दीर्घकालीन समाजशास्त्रीय अभ्यास आहे. समाजशास्त्रज्ञ क्रिश्चन स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली तो २००१ मध्ये चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाला. लिली एन्डाउमेंट या संस्थेने त्यास अर्थसाहाय्य दिले.

अभ्यासपद्धती

पहिल्या टप्प्यात (२००२-०३) १३ ते १७ वर्षे वयाच्या ३,२९० मुलामुलींचे दूरध्वनीवरून सर्वेक्षण झाले. प्रत्येकाच्या आई किंवा वडिलांनाही प्रश्न विचारण्यात आले. त्यांपैकी २६७ जणांच्या ४५ राज्यांत प्रत्यक्ष मुलाखती घेण्यात आल्या. पुढील टप्प्यांत त्याच व्यक्तींशी पुन्हा संपर्क साधण्यात आला. चौथा टप्पा २०१३ मध्ये पार पडला.

निष्कर्ष

पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष स्मिथ आणि मेलिंडा डेंटन यांच्या 'सोल सर्चिंग' (२००५) या ग्रंथात आले आहेत. बहुतेक किशोरवयीन धर्माविरुद्ध बंड करणारे नसून आईवडिलांचाच धर्म पाळणारे आढळले. मात्र सर्वेक्षणात श्रद्धा महत्त्वाची असल्याचे सांगणाऱ्या अनेकांना, आपण नेमके काय मानतो हे मुलाखतीत स्पष्ट करता आले नाही. आपल्या श्रद्धेविषयी एखाद्या प्रौढ व्यक्तीने विचारण्याची अनेकांची ही पहिलीच वेळ होती.

त्यांच्या बोलण्यातून दिसलेल्या समान धारणांना लेखकांनी 'मोरॅलिस्टिक थेरप्यूटिक डीइझम' असे नाव दिले. ईश्वर आहे, माणसाने चांगले वागावे अशी त्याची इच्छा आहे, सुखी व समाधानी असणे हे जीवनाचे ध्येय आहे, अडचणीखेरीज ईश्वराचा दैनंदिन जीवनाशी फारसा संबंध नसतो, आणि चांगली माणसे मृत्यूनंतर स्वर्गात जातात, असा त्याचा आशय आहे. ही संज्ञा संशोधकांची आहे. किशोरवयीन स्वतः ती वापरत नाहीत.

मर्यादा

प्रार्थनास्थळी जाण्याविषयीची माहिती उत्तरदात्यांच्या स्वतःच्या कथनावर आधारित आहे. हिंदू, मुस्लिम व बौद्ध किशोरवयीनांची नमुन्यातील संख्या अत्यल्प असल्याने त्यांच्याविषयी स्वतंत्र निष्कर्ष काढणे कठीण ठरते. तसेच श्रद्धा शब्दांत मांडता न येणे म्हणजे श्रद्धा नसणे असे मानता येत नाही. उपासना, सण आणि कौटुंबिक रीती यांतूनही ती व्यक्त होते. त्यामुळे अशा संशोधनात प्रश्नावलीतील उत्तरे आणि मुलाखतीतील कथन एकत्रितपणे तपासणे आवश्यक ठरते.