चढाई मातीतली, बोली कोटींची

पुणे-सातारा महामार्गावर नीरेच्या पुलाअलीकडे सारोळे लागतं. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. याच रस्त्यानं उलट पुण्याकडे निघालं, तर कात्रजचा नवा बोगदा पार करून बाह्यवळणानं थेट बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाशी पोहोचता येतं. तास-दीड तासाचा प्रवास. पण कबड्डी खेळणाऱ्या पोरासाठी हे अंतर फार मोठं आहे. भोर-वेल्ह्याच्या बाजूला हा खेळ अजून गावच्या यात्रेत, शिवजयंतीच्या उत्सवात, मंडळाच्या वर्गणीवर चालतो. बालेवाडीत तो टीव्हीच्या पैशावर चालतो.

आधी गावातलं मैदान कसं दिसतं ते पाहा. माती चाळून पसरलेली, पाणी मारून रोलर फिरवलेली. फक्कीनं आखलेल्या रेषा, तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. बांबूला बांधलेले हॅलोजन. एका कोपऱ्यात वजनकाटा, कारण खुल्या गटाबरोबर किलोचे गटही असतात आणि पाव किलोवरून वाद होतात. चढाई करणारा मध्यरेषेला हात लावून, छातीला हात टेकवून आत शिरतो. निदान रेषा ओलांडेपर्यंत सगळं मैदान गप्प असतं. कोपरारक्षकाची नजर त्याच्या चेहऱ्यावर नसते, पुढच्या पायाच्या घोट्यावर असते. पाय बोनससाठी उचलला की घोटा पकड, आणि लगेच बाकीची साखळी अंगावर. मातीत घासलेला गुडघा तसाच ठेवून पोरगं पुन्हा उभं राहतं.

या खेळाला नियमांची चौकट महाराष्ट्रानंच दिली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी संघटना बांधण्यात आयुष्य घातलं. 15 जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून कबड्डीला पदक मिळू लागलं. या सगळ्या काळात रचना एकच होती : गावचं मंडळ, जिल्हा संघटना, राज्य संघटना, महासंघ. वर चढणाऱ्या खेळाडूचं ध्येयही ठरलेलं होतं, ते म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, महिंद्रा यांचे संघ होते. त्या संघात निवड झाली की घरच्यांना आयुष्याची हमी मिळायची.

26 जुलै 2014 ला मुंबईत यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्यातल्या सामन्यानं प्रो कबड्डी लीग सुरू झाली. चारू शर्मा आणि आनंद महिंद्रा यांच्या मशाल स्पोर्ट्सची ही कल्पना. पहिल्या हंगामाला सुमारे 43.5 कोटी प्रेक्षक लाभल्याचं सांगितलं गेलं. पुढच्याच वर्षी प्रसारक स्टारनं मशालमधला 74 टक्के हिस्सा घेतला. म्हणजे सामने दाखवणाराच स्पर्धेचा मालक झाला. 2021 मध्ये पाच हंगामांच्या प्रसारण हक्कांची किंमत 908 कोटी रुपये ठरली.

टीव्हीनं खेळाचा वेगही बदलला. पूर्वी दम टिकेल तितकी चढाई. आता घड्याळात तीस सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकड केली की अव्वल पकड, जादा गुण. आघाडी घेऊन वेळ काढणं अवघड झालं आणि शेवटच्या मिनिटापर्यंत सामना जिवंत राहू लागला. हे बदल चांगले आहेत, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. वाडीवरच्या पोरांनाही आता डावा कोपरा, उजवा कोपरा असं नेमकं काम माहीत असतं, कारण त्यांनी ते पडद्यावर शेकडो वेळा पाहिलेलं असतं.

पैसाही खरा आहे. पहिल्या हंगामाच्या लिलावात सर्वात मोठी बोली राकेश कुमारवर लागली, 12.80 लाखांची. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या भागातून आलेल्या सिद्धार्थ देसाईला 2018 मध्ये यू मुंबानं 36.4 लाखांना घेतलं. वर्षभरात तेलुगू टायटन्सनं 1.45 कोटी मोजले. 2023 मध्ये पवन सेहरावतची बोली 2.60 कोटींवर गेली. त्याच लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला 2.35 कोटींना घेतलं आणि 1 मार्च 2024 ला अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली विजेतेपद मिळवलं. शेतकरी घरातल्या पोराला या रकमा म्हणजे एका पिढीची सुटका आहे.

मग बिघडलं कुठे? पैसा आला तो वरच्या मजल्यावर. दहावा हंगाम 2 डिसेंबर 2023 ते 1 मार्च 2024 असा चालला. गावोगावच्या निमंत्रितांच्या स्पर्धांचाही हाच मोसम. नावाजलेला खेळाडू तेव्हा यात्रेच्या मैदानात दिसला नाही, आणि तो नाही म्हटल्यावर गर्दी आणि वर्गणी दोन्ही आटली. कायमच्या नोकरीची जागा हंगामाचा करार घेतो, आणि गुडघा गेला की करार संपतो. सत्तेसाठीही ओढाताण झाली. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं महासंघातल्या निवडी रद्द ठरवून प्रशासक नेमला. 2019 मध्ये दुसऱ्या एका संघटनेची प्रतिस्पर्धी लीग बालेवाडीतच उभी राहिली. मुलींच्या वाट्याला तर 2016 ची तीन संघांची विमेन्स कबड्डी चॅलेंज आली आणि एका हंगामातच थांबली. 2012 चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या मुली होत्या, तरीही.

प्रसारणाच्या पैशामागे जाणारी ही वाट कुठे पोहोचते ते अमेरिकेत दिसतं. तिथं शेजारची विद्यापीठं गट करून आपसात अमेरिकन फुटबॉल खेळत. 1984 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रसारणावरची मध्यवर्ती संस्थेची पकड सोडवली आणि पैसा गटांकडे वळला. आज बिग टेन या गटात अठरा विद्यापीठं आहेत, न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेली. 1915 पासूनचा पॅसिफिक किनाऱ्याचा गट 2024 मध्ये दोन विद्यापीठांवर आला. शेजार संपला, उरला तो प्रसारणाचा करार.

आपल्याकडे शेजार अजून शाबूत आहे, म्हणून आत्ताच नियम करायला हवा. फुटबॉलमध्ये खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या संघाकडे विकला गेला की त्या रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडवलं, त्यांच्यात वाटले जातात. फिफाचाच तो नियम आहे. कबड्डीत बोलीची रक्कम खेळाडूच्या कष्टाची आहे, तिला हात लावू नये. संघमालकानं तिच्यावर आणखी पाच टक्के भरावेत. दीड कोटीच्या खेळाडूमागे साडेसात लाख होतात, आणि 9 लाखांच्या मूळ किमतीत गेलेल्यामागे पंचेचाळीस हजार. पंचेचाळीस हजारांत गावच्या मंडळाचे दिवे, गणवेश आणि पंचांचं मानधन निघतं. साडेसात लाखांत मातीऐवजी मॅटचा विचार करता येतो.

हिशेब सोपा आहे, कारण नोंद आधीच आहे. खेळाडूची पहिली नोंदणी कोणत्या मंडळाकडून झाली हे जिल्हा संघटनेच्या दप्तरात असतं. राज्य संघटनेनं ते दप्तर उघडावं आणि पुढचा प्रसारण करार होण्याआधी हा वाटा लेखी मागावा. मुलींच्या लीगची मागणीही त्याच कागदावर असावी. पोरगं घडवणाऱ्या मंडळाला सत्काराची शाल पुरेशी नाही. त्याचा हक्क त्याच्या बँक खात्यात जमा झाला पाहिजे.