वांग्याच्या फुलातील पराग आणि भुंग्याचा गुंजारव

सोलापूर जिल्ह्यात काही बागायतदार डाळिंबाच्या बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. त्याच पेट्या वांग्याच्या प्लॉटमध्ये ठेवल्या तर तितकाच फायदा होईल, असे अनेक शेतकरी बंधूंना वाटते. मात्र दोन्ही फुलांची रचना वेगळी असल्याने तसे होत नाही.

फुलाची रचना

डाळिंबाच्या फुलातील परागकोश पक्व झाल्यावर उभे फाटतात व पराग उघडे पडतात. कोणतीही माशी बसली तरी ते तिच्या अंगाला लागतात. वांग्याचे परागकोश मात्र उभे फाटत नाहीत. त्यांच्या टोकाला केवळ बारीक छिद्रे पडतात. आतील पराग कोरडे व हलके असतात. पावडरचा डबा हलविल्याशिवाय पावडर पडत नाही, तसेच हे आहे.

टोमॅटोचे परागकोश एकमेकांना जोडलेले असून त्यांची सुळक्यासारखी नळी बनते. पराग या नळीच्या तोंडातून बाहेर येतात. कोश जोडलेले असल्याने एकाला दिलेला हादरा इतरांपर्यंत चांगला पोहोचतो. मोकळ्या शेतात हे काम वाऱ्यानेही होते. पॉलिहाऊसमध्ये वारा नसल्याने फुलांचे घोस हलवावे लागतात.

भुंगा काय करतो?

काळा भुंगा किंवा पोटावर निळे पट्टे असलेली एकटी राहणारी माशी फुलाला घट्ट धरते. पंख न फडफडविता उडण्याचे स्नायू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरविते. तेव्हा उडतानापेक्षा चढा आवाज येतो व छिद्रांतून पराग उडतात. सातेरी, आग्या किंवा पेटीतील मेलिफेरा मधमाशीला ही क्रिया जमत नाही. ती बहुधा सांडलेले पराग वेचते.

याची खात्री घरीही करता येते. सकाळी उमललेल्या वांग्याच्या फुलाखाली काळा कागद धरावा व वाजविलेला नादकाटा परागकोशाला टेकवावा. कागदावर पिवळी भुकटी पडते.

सर्वच फुले धरतात का?

नाही. ज्या फुलांचा कुक्षिवृंत लांब किंवा मध्यम असतो व कुक्षी परागकोशांच्या टोकाशी किंवा बाहेर असते, त्यांनाच प्रामुख्याने फळ धरते. आखूड कुक्षिवृंताची फुले गळतात. ही गळ नैसर्गिक आहे. ती रोग समजून औषधांवर खर्च करू नये.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१. फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक फवारू नये. फवारणी अत्यावश्यक असेल तरच सायंकाळी करावी.

२. बांधावरील तरवड राखावा. त्याचे परागकोशही टोकाशी उघडतात व या माश्यांना पराग पुरवितात.

३. वांगी, टोमॅटो व तरवडाच्या फुलांत मकरंद नसतो. म्हणून जवळपास तूर, तीळ व तुळस असावी.

४. भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत किंवा घायपाताच्या वाळलेल्या दांड्यात घर करतो. असे थोडे लाकूड बांधावर राहू द्यावे.

५. निळ्या पट्ट्यांची माशी जमिनीत बीळ करते. तिच्यासाठी बांधाचा काही भाग न नांगरता ठेवावा.

डाळिंबाला पेटी उपयोगी आहेच. वांग्याचे मदतनीस मात्र पेटीत मिळत नाहीत. ते आपल्या बांधावरच सांभाळावे लागतात.