कोठीच्या खोलीचा सदुपयोग

घराची कळा अंगण सांगतें, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु घरांतील व्यवस्था खरोखर कशी आहे हें ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें कोठीच्या खोलीचें दार उघडून पाहावें. पाहुण्यांची दृष्टि जेथें जाते ती जागा सर्वच जण झाडून पुसून ठेवतात. जेथें ती जात नाहीं त्या जागेची स्थिति बहुतेक घरांत शोचनीय असते.

भंडारा जिल्ह्यांत तर या खोलीचा विचार अधिकच अगत्यानें केला पाहिजे. भंडारा या नांवाची व्युत्पत्ति पंडित कशीहि लावोत, भांडें आणि भांडार या दोहोंशीं या भूमीचें नातें फार जुनें आहे. येथील पितळी भांड्यांची ख्याति सर्वश्रुत आहे. आणि १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतरहि धान हेंच येथील मुख्य पीक राहिलें आहे. पूर्वींच्या वाड्यांतून सपरी, माजघर व देवघर यांच्या मागें कोठीची खोली असे. शेणामातीनें लिंपलेल्या बांबूच्या ढोल्या, वर्षाचा तांदूळ, डाळी, गूळ, लोणच्यांच्या बरण्या आणि लग्नकार्यास लागणारे हंडे, घंगाळें व पराती यांनीं ती भरलेली असे. कोठींतील प्रत्येक वस्तूची गृहिणीला खडान्‌खडा माहिती असे, व तिची किल्ली घरांतील वडील स्त्रीच्या कमरेला असे.

आतां काळ पालटला. कित्येक घरांचीं शेतें गेलीं किंवा बटाईनें दिलेलीं आहेत, मुलें नागपूर-पुण्यास राहतात, व तांदूळ खंडीच्या हिशेबानें न येतां पिशवीनें येतो. खोली मात्र पूर्वीएवढीच आहे. तिच्यांत आतां मोडका पंखा, तुटक्या पायाची खुर्ची, रिकामे डबे, बंद पडलेला दूरदर्शन संच, पाळणा व जुनीं पुस्तकें एकमेकांच्या खांद्यावर बसलेलीं दिसतात. 'असूं द्या, लागेल केव्हांतरी' या एका वाक्यानें आपल्या घरांतील चांगली दहा-बारा फुटांची जागा गिळून टाकली आहे. कोठीचा सदुपयोग करावयाचा म्हणजे प्रथम हें वाक्य सोडावें लागेल. आंत जाणारी प्रत्येक वस्तु कोणाच्या उपयोगाची व केव्हां बाहेर येणार, हें आंत ठेवतांनाच ठरलें पाहिजे.

या कामास मे महिना उत्तम. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं एका दिवशीं सगळी खोली अंगणांत रिकामी करावी. वस्तूंचे तीन भाग करावे: गेल्या वर्षांत वापरलेल्या, वर्षांतून एकदां तरी निश्चित लागणाऱ्या, आणि उरलेल्या. तिसऱ्या भागाचा निकाल त्याच दिवशीं लावावा, कारण संध्याकाळीं आंत गेलेली वस्तु पुढील मे महिन्यापर्यंत बाहेर येत नाहीं. नंतर भिंतींच्या फटी व उंदरांचीं बिळें बुजवून चुन्याचा हात द्यावा. जमिनीवर थेट कांहीं ठेवूं नये. वीतभर उंचीच्या फळ्या किंवा घडवंच्या कराव्या व भिंतीपासून हातभर अंतर सोडावें. येथील पावसाळ्यांत भिंत व जमीन दोन्ही ओल धरतात, आणि ती ओल पोत्यांत शिरते.

धान्याच्या बाबतींत ओल हाच मुख्य शत्रु होय. सरकारी खरेदींत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेला धान घेतला जातो. परंतु पुष्कळ दिवस टिकवावयाचा तर ओलावा १४ टक्क्यांच्या आंत, आणि वर्षभर ठेवावयाचा तर त्याहूनहि कमी असावा लागतो. म्हणून नवा माल घरांत येतांच ढोलींत ओतण्याची घाई करूं नये. धान व डाळी उन्हांत वाळवाव्या. सडलेला तांदूळ मात्र कडक उन्हांत घालूं नये, त्यास तडे जाऊन कणी होते. तो सावलींत, वाऱ्यावर पसरावा. चिन्नोरसारख्या सुवासिक तांदळाचा वास जपावयाचा असेल तर झांकणहि घट्ट असावें.

तांदळांतील सोंडे कोठून येतात, याचें पुष्कळांना आश्चर्य वाटतें. या किड्याची मादी आपल्या सोंडेनें दाण्याला बारीक भोंक पाडून आंत अंडें घालते व भोंक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटांतच वाढते, आणि उष्ण हवेंत सुमारें महिन्याभरांत पूर्ण किडा बाहेर पडतो. तेव्हां वरून निर्मळ दिसणाऱ्या तांदळांतहि तो आधींच असूं शकतो. नवें पोतें जुन्यावर न ओततां वेगळें ठेवावें, महिन्याभरानें पाहावें, व जुनें संपल्यावरच नवें काढावें. पिंप कांठोकांठ भरून झांकण घट्ट बसविल्यास आंतील प्राणवायु संपून किडे मरतात. अर्धवट भरलेल्या पिंपांत हा गुण येत नाहीं. डाळीला एरंडेलाचा हात लावण्याची जुनी रीति चांगली आहे. बोरिक पावडर पोटांत जाणें हितावह नसल्यानें खाण्याच्या धान्यांत ती न मिसळावी हें बरें.

येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. धान्यांत ठेवण्यासाठीं म्हणून ज्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कित्येकदां घरीं आणल्या जातात, त्या राहत्या घरांत कधींहि वापरूं नयेत. हवेंतील ओलाव्याशीं संयोग होतांच त्यांतून फॉस्फीन नांवाचा अत्यंत विषारी वायु निघतो. तो दाराच्या फटींतून शेजारच्या खोलींत जातो, आणि त्यावर उतारा नाहीं. कोठीलगत निजलेलीं मुलें व माणसें या वायूनें दगावल्याच्या घटना आपल्या देशांत अनेकदां घडल्या आहेत. चार पोतीं तांदूळ किड्यांनीं खाल्ला तरी चालेल. घरचें माणूस जातां कामा नये. या गोळ्यांचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं गोदामांतूनच व्हावयाचा असतो.

तांदळानंतर भांडीं. पोलाद व अॅल्युमिनियम आल्यापासून पितळ माळ्यावर गेलें. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेंत कळकतात व ते खाणें अपायकारक असतें. आणि कथील व नवसागर घेऊन दारीं येणारा कल्हईवाला आतां क्वचितच दिसतो. म्हणून सगळींच भांडीं बाळगणें शक्य नाहीं. परंतु मोडींत घालण्यापूर्वीं एक काम करावें. सासूबाईंना किंवा आजीबाईंना जवळ बसवून प्रत्येक भांड्याची हकीकत वहींत उतरून घ्यावी: कोणाच्या लग्नांतलें, कोणी दिलेलें, कोणाचें नांव कोरलेलें. मग देवकार्यास लागणारीं ठेवावीं, कांहीं मुलीसुनांना द्यावीं, व उरलेल्यांचा निर्णय वडिलांच्या संमतीनें करावा. ज्या स्त्रियांच्या नांवावर शेत नव्हतें व घरहि नव्हतें, त्यांची स्वतःची म्हणण्यासारखी मत्ता पुष्कळदां एवढीच होती. तिला न विचारतां हंडा मोडींत गेला, तर मिळालेल्या पैशांपेक्षां घरांतील खोट मोठी होते.

कागदपत्रांविषयीं वैनगंगेनें आपल्याला धडा दिलेला आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्यप्रदेशांतील संजय सरोवराच्या विसर्गानें नदीला महापूर आला, आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलें. अशा वेळीं खालच्या फळीवरील धान्य आणि पेटींतील दस्तऐवज एकाच रात्रींत जातात. म्हणून सातबारा, खरेदीखतें, विम्याचे कागद व मुलांचीं प्रमाणपत्रें छातीच्या वर असलेल्या फळीवर, जलाभेद्य पिशवींत ठेवावीं, व त्यांची एक नक्कल परगांवीं असलेल्या आप्ताकडे असावी.

नव्या वस्तूंसंबंधीं दोन शब्द. विजेच्या इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु सुटतो, तो पेट घेणारा आहे; बॅटरी बंद कोठींत न ठेवतां जेथें वारा खेळतो तेथें ठेवावी. स्वयंपाकाच्या गॅसचें जादा सिलिंडरहि कोंदट खोलींत नको. रॉकेल, रंग व फिनाईल यांना धान्याच्या शेजारीं जागा देऊं नये. तांदूळ वास फार लवकर ओढून घेतो.

इतकें केल्यावर असें आढळेल कीं, खोलीचा निदान एक कोपरा रिकामा उरला आहे. तो पुन्हां भरूं नये. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ व एकांत थोडा. परीक्षेला बसणारी सून, शिवणकाम करणारी नणंद किंवा रात्रीं वाचणारा मुलगा यांना दाराआड बसण्याची जागा बहुधा मिळत नाहीं. खिडकीजवळ एक मेज, एक दिवा व एक खुर्ची ठेवली तर तोच कोपरा घराला उपयोगी पडेल. मात्र ही जागा कोणाची व किती वेळ, हें सर्वांसमक्ष ठरवावें, नाहींतर दुसऱ्याच दिवशीं त्या मेजावर कांद्याची टोपली येऊन बसते.

शेवटीं किल्लीची गोष्ट. पूर्वीं ती एकीच्याच कमरेला असे, त्यामुळें व्यवस्था राही, पण जाणकारीहि तिच्याबरोबरच जाई. आतां दाराच्या आंतील बाजूस एक वही टांगावी. काय आलें, कोणत्या तारखेस, कोठें ठेवलें व केव्हां संपलें, हें जो वस्तु ठेवील वा काढील त्यानेंच लिहावें, मग तो पुरुष असो वा स्त्री. वडील बाईंनीं वही पाहावी, सुनांनीं ती चालवावी व पुरुषांनीं पोतीं उचलण्यापुरतेंच आपलें काम न समजतां लिहिण्याचेंहि समजावें. पुढील मे महिन्यांत खोली पुन्हां अंगणांत काढाल, तेव्हां ही वही घेऊनच बसावें. ज्या वस्तूचें नांव वर्षभरांत तींत एकदांहि आलें नाहीं, तिच्यापासून निवडण्यास आरंभ करावा.