जुनी खुर्ची, सुखी गुडघे

"डॉक्टर, नवा सोफा आल्यापासून आईचे गुडघे जास्त दुखतात," अशी तक्रार हल्ली सांगली-साताऱ्याकडे वरचेवर ऐकू येते. सोफा देखणा, पण बुटका व खोलगट. त्यातून उठताना गुडघ्यांवर ताण येतो. तोल गेल्यास म्हातारपणी खुब्याचे हाड मोडू शकते.

जुन्या वळणाच्या फर्निचरची आवड पुन्हा आली आहे, ती इथे उपयोगी पडेल. १९१० साली वसलेल्या आपल्या किर्लोस्करवाडीत पुढे लोखंडी फर्निचरही बनत असे. त्या काळची ताठ पाठीची, हात असलेली खुर्ची माळ्यावर असल्यास खाली काढा. पावले जमिनीला टेकावीत, गुडघे काटकोनात राहावेत. गुडघेदुखी असल्यास बैठक थोडी उंच बरी. खुर्ची डुगडुगत नाही ना, हे मात्र आधी पाहा!