काच गुळगुळीत, अक्षर वेडेवाकडे
टॅबवर लिहिणाऱ्या मुलांसाठी थोडी डागडुजी

हप्ते भरून घरात टॅब येतो. कुणी त्यात बोनसचे पैसे घालतो, कुणी भगिनी बचत गटातून उचल घेते. मुलीने धडे ऐकावेत, टिपणे काढावीत, वह्यांचा खर्च वाचावा, असा साधा हिशेब असतो. पहिले आठ दिवस मुलगी पेन घेऊन बसते. पुढे पेन दप्तराच्या तळाशी जाते आणि टॅबवर नुसते व्हिडिओ चालू होतात. मग बापाचा पारा चढतो. आई मध्ये पडते. पण मुलीला कुणी विचारत नाही की, बाळ, तू लिहायचे का सोडलेस?

आम्ही आमच्या परिचयातील काही मुलामुलींना हा प्रश्न विचारला. उत्तर जवळजवळ एकच आले. "पेन घसरते, अक्षर घाण येते." ही आळशीपणाची सबब नव्हे. त्यात तथ्य आहे.

दोष मुलांचा नव्हे

कागदाला बारीक खरखर असते. पेनाचे टोक तिला अडते, आणि कुठे थांबायचे, कुठे वळायचे हे त्या अडण्यावरून हाताला कळते. काच हा अडसर देत नाही. आपल्या अक्षराला वेलांटी आहे, उकार आहे, रफार आहे, वर शिरोरेघ आहे. काचेवर शिरोरेघ पुढे पळते आणि वेलांटी फुगते.

अलामार्गो आणि मोरँ या अभ्यासकांनी २०१५ साली दुसरी आणि नववीच्या मुलांकडून कागदावर व टॅबवर लिहून घेतले. दोन्ही वर्गांतील मुलांचे टॅबवरचे अक्षर कमी सुवाच्य आले. नववीची मुले पेन जास्त दाबून आणि भरभर लिहू लागली, तर दुसरीची मुले मध्येच जास्त वेळ थांबू लागली. म्हणजे काच हातालाच गोंधळात टाकते. तेव्हा मुलांवर ओरडण्याआधी काचेकडे पाहावे.

आपला टॅब कोणत्या जातीचा?

खर्च करण्यापूर्वी हे तपासून घ्या. बहुतेक स्वस्त टॅब फक्त बोटाने चालणारे असतात. त्यांच्यावर रबरी टोकाचे जाड पेन चालते, पण ते टॅबच्या लेखी बोटच असते. त्यावर बारीक अक्षर येणार नाही, पडद्यावर काहीही चिकटवले तरी नाही. अशा टॅबवर धडे ऐकावेत आणि लिहायला वही घ्यावी, हेच शहाणपणाचे.

दुसऱ्या जातीच्या टॅबमध्ये पडद्याच्या मागे पेन ओळखणारी वेगळी पाटी बसवलेली असते. २०२० साली आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब एस ६ लाइट हा त्यातलाच. त्याच्या पेनात बॅटरी नसते. मागच्या पाटीच्या चुंबकीय लहरींतून पेनाला शक्ती मिळते आणि पेन उलट खूण पाठवते. जपानच्या वॅकॉम कंपनीचे हे तंत्र आहे. टोक काचेला टेकले नाही, थोडे वर धरले, तरी टॅबला ते कळते. म्हणूनच काचेवर पातळ पापुद्रा चिकटवला तरी लिहिणे अडत नाही.

आधी फुकटचे उपाय

पहिला उपाय कव्हरचा. काही कव्हरांत झाकण मिटण्यासाठी चुंबक असते. कव्हर दुमडून चुंबक पडद्यामागे आले की त्या जागी रेघ थरथरते. कव्हर काढून लिहून पाहा.

दुसरा उपाय जाड काचेचा. दुकानदार टॅबबरोबर वरून आणखी एक काच लावून देतात. टॅब पडला तर ती उपयोगी पडते, पण तिच्यामुळे पेनाचे टोक आणि खाली उमटणारी रेघ यांत अंतर पडते. मात्रा द्यायची एका अक्षराला आणि बसते शेजारच्या अक्षरावर. आमच्या ओळखीच्या एका रिक्षाचालक बंधूंना दुकानदाराने "पेन खराब आहे, नवे घ्या" असे सांगितले होते. घरी येऊन वरची काच काढली आणि त्याच पेनाने रेघ जागेवर येऊ लागली.

तिसरा उपाय हाताचा. लिहिताना तळहात टेकला की भलत्या रेघा उमटतात. लिहिण्याच्या अनेक अ‍ॅपमध्ये फक्त पेनानेच लिहिण्याची सोय असते. ती चालू करावी.

यानंतर बटर पेपरची परीक्षा घ्या. स्टेशनरीच्या दुकानातून एक ताव आणा, पडद्यावर सपाट पसरा, कडा हाताने धरा आणि त्यावर मुलीला लिहू द्या. मागची पाटी पेन ओळखणारी असेल तर कागदातूनही अक्षर उमटते. अक्षर सुधारले, तरच पुढचा खर्च करा.

खरखरीत फिल्म

कागदासारखी खरखर असलेली मॅट फिल्म बाजारात काही शे रुपयांत मिळते. आपल्या टॅबचे नाव सांगून त्याच मापाची घ्यावी. चिकटवताना पंखा बंद ठेवा. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ होऊन गेल्यावर हवेतली धूळ खाली बसते, ती वेळ चांगली. टॅब बंद करून काच मऊ कोरड्या फडक्याने पुसा. राहिलेले कण चिकटपट्टीने उचला. एका कडेपासून फिल्म हळूहळू सोडत जा आणि जुन्या कार्डाला फडके गुंडाळून बुडबुडे बाहेर सारा. वाचनासाठी कागदासारखा दिसणारा ई-इंक पडदा असेल तर फार दाबू नका. तो दाबाने तडकतो.

फिल्मचे तोटेही सांगितले पाहिजेत. चित्र थोडे धूसर दिसते. खडू फळ्यावर झिजतो तसे पेनाचे टोक लवकर झिजते. टोक बदलता येते, म्हणून जादा टोके मिळतात की नाही हे आधी विचारा. झिजून धार आलेले टोक वापरत राहिले तर फिल्मवर चरे पडतात. धातूच्या टोकाच्या मोहात पडू नका. काही महिन्यांनी फिल्मही मधोमध गुळगुळीत होते आणि बदलावी लागते. ज्या घरात टॅबवर लिहिण्यापेक्षा पाहणेच जास्त, तिथे फिल्म न लावलेली बरी.

आणि काच पॉलिश पेपरने घासून खरखरीत करण्याचा उद्योग कुणी करू नये. त्याने पडदा कायमचा खराब होतो.

वही सोडू नका

दहावी-बारावीच्या बोर्डाचे बहुतेक पेपर आजही कागदावरच, हाताने लिहावे लागतात. टॅबवरची टिपणे शोधायला सोपी असतात, हरवत नाहीत, हा फायदा आहेच. पण रोज एक पान वहीत लिहिण्याची सवय आईबापांनी मुलांना लावावी. आणि टॅबवरचे अक्षर बिघडलेले दिसले, तर एका संध्याकाळी टीव्ही बंद करून मुलीशेजारी बसावे, पेन स्वतः हातात घ्यावे आणि आपले नाव त्या काचेवर लिहून पाहावे. मुलीची अडचण समजायला तेवढे पुरेसे आहे.